मारालिंगाची राखण कोणाच्या खर्चाने?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारालिंगा या जुन्या ब्रिटिश अणुचाचणी केंद्राच्या सहलीविषयी लेख आला. लेखकाने पाहिले ते नेमके टिपले आहे: वाळवंटातली लांबलचक धावपट्टी, स्फोटांच्या जागी उभे केलेले सिमेंटचे खांब, सरळ रेषेत गेलेले जुने डांबरी रस्ते. पण शेवटच्या परिच्छेदात जमीन साफ झाली, मूळ मालकांना परत मिळाली आणि प्रकरण मिटले, अशा अर्थाचे लिहिले आहे. हे बरोबर नाही. ज्यांची ती जमीन आहे त्यांच्यावर त्यातून अन्याय होतो, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. शक्य झाल्यास काटछाट न करता छापावे.

मी बरीच वर्षे ॲडलेडमध्ये राहते. निवृत्त होईपर्यंत माझे काम कोरडवाहू गव्हाच्या पट्ट्यातल्या मातीचे होते. वारा माती कशी उचलतो, कोणत्या आकाराचा कण किती उंच जातो आणि कुठे जाऊन बसतो, हे मोजायचे. त्यामुळे मारालिंगाचा प्रश्न मला आधी धुळीचा प्रश्न वाटतो. बॉम्बच्या ढगांची छायाचित्रे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. आज त्या जमिनीची राखण करणाऱ्यांची काळजी मात्र जमिनीच्या वरच्या दोन-चार बोटे मातीत आहे.

१९५६ आणि १९५७ या दोन वर्षांत ब्रिटनने मारालिंगाला सात अणुबॉम्ब फोडले. त्याआधी, ऑक्टोबर १९५३ मध्ये, आणखी उत्तरेला एमू फील्ड येथे दोन फोडून झाले होते. मारालिंगाचा पहिला, ‘वन ट्री’, २७ सप्टेंबर १९५६ रोजी मनोऱ्यावर फुटला. शेवटचा ९ ऑक्टोबर १९५७ रोजी तारानाकी येथे, फुग्यांना टांगून. तो हिरोशिमाच्या बॉम्बहून मोठा होता. त्या स्फोटांतून निघालेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांपैकी बरीचशी आता विझत आली आहेत. ‘टाजे’ नावाच्या स्फोटात कोबाल्टच्या गोळ्या वापरल्या होत्या आणि तिथे काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञांना ते सांगितलेही नव्हते. त्यांना त्या जमिनीवर पडलेल्या सापडल्या. पण कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे द्रव्य विझायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचे, त्यामुळे आज त्याचा धोका फारसा राहिलेला नाही. खरे दुखणे वेगळ्याच कामातून आले, आणि त्या कामाला सरकारी कागदांत ‘किरकोळ चाचण्या’ म्हटले जाई.

१९६३ पर्यंत अशा शेकडो चाचण्या झाल्या. त्यांतल्या ‘व्हिक्सन बी’ या मालिकेत १९६० ते १९६३ दरम्यान तारानाकीलाच बारा वेळा प्लुटोनियम साध्या स्फोटकांनी उडवून दिले गेले. साठवणुकीत किंवा वाहतुकीत बॉम्बला अपघात झाला तर काय होईल, हे त्यांना पाहायचे होते. अणुस्फोट घडू द्यायचा नव्हता, म्हणून जगाला काही ऐकू आले नाही. वितळलेले, जळते प्लुटोनियम शेकडो मीटर उंच उडाले आणि त्या दिवशीच्या वाऱ्याबरोबर लांब लांब पट्ट्यांत खाली बसले. एकूण सुमारे २२ किलो. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४ हजार वर्षांचे आहे. सात बॉम्बनी मिळून त्या जमिनीचे जेवढे कायमचे नुकसान केले नाही, तेवढे या ‘किरकोळ’ कामाने केले.

इथे थोडे मातीबद्दल सांगितले पाहिजे. प्लुटोनियम मुख्यतः अल्फा कण फेकते. ते कातडी भेदत नाहीत. कागदाचा कपटाही त्यांना अडवतो. त्यामुळे दुषित मातीवरून कोणी चालत गेला, घटकाभर बसला, तर त्याने मोठी हानी होत नाही. तोच कण श्वासातून फुप्फुसात गेला की आयुष्यभर तिथे राहून आसपासच्या पेशींवर मारा करत राहतो. म्हणजे त्या जागी माणूस किती सुरक्षित आहे, हे माती किती उडते आणि तो किती वेळ त्या धुळीत राहतो यावर अवलंबून आहे. आता, अशा रखरखीत प्रदेशातली माती उघडी दिसली तरी उघडी नसते. तिच्यावर सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांची पातळ खपली असते. ती वाऱ्याला माती उचलू देत नाही. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ही खपली तयार व्हायला कितीतरी वर्षे लागतात आणि एका गाडीच्या चाकाने ती मोडते. मी गव्हाच्या शेतांत हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तिथे खपली मोडली की शेतकऱ्याचे पीक जाते. तारानाकीच्या पट्ट्यांत मोडली, तर काय उडेल ते वाचकांनी समजून घ्यावे.

त्या मुलखात कोणी राहत नव्हते, असा समज लेखातही डोकावतो. मारालिंगाच्या दक्षिणेला, रेल्वेमार्गाजवळ, ऊल्डी म्हणून पाण्याचे ठिकाण आहे. वाळूत थोडे खणले की गोडे पाणी. दुष्काळात चारी दिशांनी अनांगू, म्हणजे या वाळवंटातले मूळनिवासी लोक, तिथे येत. व्यापाराच्या, विधींच्या, नातेसंबंधांच्या वाटा तिथे मिळत. १९५२ साली ऊल्डीचे मिशन बंद झाले आणि तिथल्या लोकांना दक्षिणेकडे, समुद्राजवळच्या यलाटाला नेण्यात आले. वाळवंटातल्या लाल मातीची माणसे करड्या चुनखडीच्या प्रदेशात आणून ठेवली. त्यांनी परत उत्तरेकडे जाऊ नये म्हणून पहारे होते. चाचणीक्षेत्राभोवती धोक्याच्या पाट्या लावल्या त्या इंग्रजीत, आणि तिथून चालत जाणाऱ्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. प्रचंड मोठ्या प्रदेशातल्या लोकांना सावध करण्याचे काम सुरुवातीला वॉल्टर मॅकडूगल या एकट्या गस्ती अधिकाऱ्यावर होते. त्याने तक्रार केली, तेव्हा सरकारचे मुख्य शास्त्रज्ञ ॲलन ब्यूटमेंट यांनी लेखी ठपका ठेवला की हा माणूस मूठभर मूळनिवासींचे हित ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या हितापेक्षा वर ठेवतो आहे. हे पत्र पुढे १९८० च्या दशकात चौकशी आयोगापुढे आले आणि आज कोणालाही वाचता येते.

मे १९५७ मध्ये एक अनांगू कुटुंब, आईवडील आणि दोन मुले, मार्कू येथील स्फोटाच्या खड्ड्यापाशी मुक्काम करून राहिलेले सैनिकांना आढळले. ते आपल्या नेहमीच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले होते. त्यांना अंगावर पाणी घालून धुतले गेले, त्यांची कुत्री गोळ्या घालून मारली आणि त्यांना गाडीतून यलाटाला पाठवले. आई गरोदर होती. ते मूल मृत जन्मले. सैनिकांना याविषयी तोंड बंद ठेवण्याची ताकीद मिळाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सुरक्षिततेचे जे निकष ठरले, ते ‘तिथे कोण कसे राहते’ या प्रश्नावर बेतले गेले, आणि हा प्रश्न कोणीतरी त्याच वेळी विचारायला हवा होता.

साफसफाई एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाली, हे लेखात आलेले नाही. १९६७ साली ब्रिटिशांनी ‘ऑपरेशन ब्रम्बी’ या नावाने निघताना आवराआवर केली. तारानाकीला दुषित लोखंड, केबल, काँक्रीट एकवीस खड्ड्यांत टाकून वर सिमेंटची झाकणे घातली, आणि भोवतालची माती नांगरून खाली-वर केली. मातीत काम केलेल्या कोणालाही हे वाचून पोटात गोळा येईल. वरच्या थरात बसलेले प्लुटोनियम नांगरल्याने कमी झाले नाही, अधिक मातीत मिसळले आणि पुढे गोळा करायला अवघड झाले. त्यानंतर ब्रिटिश अहवाल आला, आणि सप्टेंबर १९६८ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने सही करून ब्रिटनला जबाबदारीतून मोकळे केले.

१९८४ साली ऑस्ट्रेलियाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेने स्वतः मोजमाप केले तेव्हा पृष्ठभागावर प्लुटोनियम लागलेले हजारो तुकडे सापडले. ब्रिटिश अहवालावरून जो अंदाज येत होता त्यापेक्षा परिस्थिती कितीतरी वाईट होती. न्यायमूर्ती जेम्स मॅक्लेलंड यांच्या चौकशी आयोगाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितले की साफसफाईचा खर्च ब्रिटनने उचलावा. ब्रिटन तयार नव्हते. १९९१ मध्ये मारालिंगा चारुचा या मालकांच्या संस्थेचे प्रशासक आर्ची बार्टन आणि त्यांचे सहकारी तिथली माती घेऊन लंडनला गेले. अखेर १९९३ मध्ये ब्रिटनने दोन कोटी पौंड देऊ केले, जबाबदारी मान्य न करता. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने अनांगूंना एक कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई दिली.

१९९५ ते २००० या काळात जी मोठी साफसफाई झाली तिला सुमारे १०.८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. दोन चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक जागेवरची माती खरवडून, साडेतीन लाख घनमीटरहून जास्त, खोल चरांत पुरली आणि वर किमान पाच मीटर स्वच्छ माती-दगडांचा थर दिला. खरवडणाऱ्या यंत्रांच्या केबिन हवाबंद होत्या, आत गाळलेली हवा होती. त्या कामाची शिस्त मला मनापासून मान्य आहे. तारानाकीच्या जुन्या खड्ड्यांसाठी मात्र आधी वेगळे ठरले होते: जमिनीत विजेचे दांडे रोवून आतला सगळा ऐवज वितळवायचा आणि त्याची काच करून टाकायची, म्हणजे प्लुटोनियम काचेत अडकून राहील. काही खड्ड्यांचे असे झालेही. मार्च १९९९ मध्ये एका खड्ड्यात वितळवणे चालू असताना स्फोट झाला आणि ती पद्धत सोडून देण्यात आली. उरलेले खड्डे उकरून ते सगळे इतर कचऱ्यासारखेच पुरले. या प्रकल्पावर आधी काम केलेले अभियंते ॲलन पार्किन्सन यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. सरकारचे म्हणणे, हा उपाय पुरेसा आहे. माझे मत पार्किन्सन यांच्या बाजूला झुकते. चुनखडीच्या भेगाळ खडकात, कोणत्याही अस्तराशिवाय, २४ हजार वर्षे अर्धायुष्य असलेले द्रव्य पुरणे हा उपाय पुरेसा आहे असे म्हणण्याइतका त्या खडकाचा अनुभव कोणाकडेच नाही.

तर ही जमीन डिसेंबर २००९ मध्ये मालकांना परत मिळाली. भोवतालचा फार मोठा प्रदेश १९८४ च्या मारालिंगा चारुचा भूमी हक्क कायद्याने आधीच त्यांच्याकडे आला होता. चाचण्यांचा मधला तुकडा, ज्याला सगळे ‘सेक्शन ४००’ म्हणतात, सुमारे तीन हजार चौरस किलोमीटरचा, तेवढा वगळून ठेवला होता. तोही वूमेराच्या लष्करी निषिद्ध क्षेत्रातून पूर्ण मोकळा झाला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये. परत मिळण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. ज्यांनी यलाटाला म्हातारपण काढले त्यांना आपल्या मुलखात जाऊन बसता आले. १९८० च्या दशकातच काही कुटुंबांनी वायव्येला ओक व्हॅली हे गाव वसवले होते, तेही सरकारची वाट न पाहता.

पण परत मिळालेल्या त्या तुकड्यात, तारानाकीभोवती सुमारे चारशे चौरस किलोमीटर जागेवर आजही कायम वस्ती करता येत नाही. तिच्या कडेने खांब रोवले आहेत, त्यांवर इंग्रजीत आणि अनांगूंच्या भाषेत लिहिले आहे की शिकारीला जाता येईल, मुक्काम करता येणार नाही. हा तोडगा मालकांच्या संमतीने ठरला, आणि त्यामागचे कारण शहाणपणाचे आहे. सगळी दुषित जमीन खरवडायची तर शेकडो चौरस किलोमीटरवरची झुडपे, खपली, बीज, सगळे जाईल आणि मागे राहील निव्वळ धुळीचे मैदान. मुल्गा आणि माली जातीची झाडे, मीठझुडुपे, निळी झुडपे त्या मातीला धरून आहेत. ती तशीच राहू देणे आणि माणसाने तिथे झोपू नये, एवढे पाळणे, हे कमी नुकसानीचे होते.

सुरक्षिततेचा निकष कसा ठरला, हेही सांगण्यासारखे आहे. मॅगी ब्रेडी आणि किंग्जली पामर या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी ओक व्हॅलीत राहून लोकांच्या खाण्याची आणि धुळीची नोंद केली. मुले दिवसभर जमिनीवर खेळतात. कांगारू गरम राखेत आणि वाळूत भाजतात. लोक उघड्यावर, शेकोटीभोवती झोपतात. वारा आला की ताटात, केसांत, नाकात माती. या नोंदी वापरून शास्त्रज्ञांनी गणित मांडले की अशा राहणीत वर्षभरात शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा ५ मिलिसिव्हर्टच्या (ती मोजायचे एकक) आत राहिली पाहिजे. सर्वसामान्य नागरिकासाठी नेहमीच्या अणुउद्योगातून १ मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. आधीच दुषित झालेल्या जागेसाठी वेगळा, सैल आकडा वापरायची पद्धत आहे. तांत्रिकदृष्ट्या ते समर्थनीय असेल. पण लोक कसे राहतात ते मोजून, त्यांच्या राहणीला बसेल असा निकष लावला, हे चांगले केले. राहणी मात्र एका काळात गोठवून ठेवता येत नाही. आज ओक व्हॅलीची मुले गाड्यांतून फिरतात, रेंजर म्हणून काम करतात, पर्यटकांना घेऊन जातात. चाकामागून जास्त धूळ उठते. १९८० च्या दशकात नोंदवलेल्या दिवसावर २०५० सालच्या मुलाची सुरक्षितता ठरवायची का, हा प्रश्न मालकांना पुन्हा उघडता आला पाहिजे.

मी स्वतः मालकांच्या संस्थेने चालवलेल्या सहलीतून तिथे गेले होते. आपल्या लेखकाने पाहिलेले खांब मीही पाहिले. पण माझे लक्ष खाली होते. तारानाकीच्या पुरलेल्या चरांवरचा उंचवटा, त्याच्या उतारावर पावसाने पाडलेल्या बारीक ओघळी, खरवडलेल्या जागेवर कुठे कुठे परत आलेली झुडपे आणि मधली उघडी टक्कले. ‘ब्रेकअवे’ या स्फोटाच्या जागी वितळून काच झालेली वाळू पायाखाली चमकते, ती उचलायची नाही, असे सोबतच्या माणसाने सगळ्यांना बजावले, आणि एकाने वाकून हात पुढे केला तेव्हा त्याला पुन्हा थांबवले. जमिनीचे व्यवस्थापन म्हणजे हेच, रोज, प्रत्येक गाडीमागे.

आणि तेवढेच नव्हे. चरांवरचे आवरण खचले का, ओघळी वाढल्या का, ससे बिळे करत आहेत का, हे पाहत राहावे लागते. ससा मातीखालची माती वर आणतो. पाट्या उन्हाने विरतात, त्या बदलाव्या लागतात. बाहेरून आलेले बफेल गवत रस्त्यांच्या कडेने आत शिरते आहे. हे गवत दाट वाढते, वाळते आणि भयंकर तापून जळते. जिथे पूर्वी विरळ झुडपांमुळे आग पसरत नसे, तिथे ती मैलोन्मैल जाईल आणि जळून उघडी पडलेली माती पुढच्या वाऱ्याची होईल. दुषित पट्ट्यांत बफेल माजू नये यासाठीची खुरपणी हा माझ्या लेखी किरणोत्सर्ग सुरक्षिततेचाच भाग आहे, पण कोणत्याही अणुसुरक्षेच्या आराखड्यात खुरपणी करणाऱ्याच्या मजुरीला मानाचे स्थान मिळत नाही. रानटी उंटांचे कळप पाण्याच्या खडकटाक्या घाण करतात आणि खपली तुडवतात. ओक व्हॅलीचे रेंजर उंटांवर लक्ष ठेवतात, टाक्या साफ करतात, मालीफाउल पक्ष्याच्या घरट्यांची नोंद ठेवतात. जी माणसे हे करतात त्यांनाच कोणती झुडपे कुठे परतली, कोणत्या उतारावर धूळ उडते, हे सर्वांत आधी कळते. मोजमापाला येणारे शास्त्रज्ञ पाहुणे असतात.

मोजमापाबद्दल एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. प्लुटोनियम प्रत्यक्ष जागेवर शोधणे कठीण असते. त्याच्याबरोबर राहणारे अमेरिसियम-२४१ गॅमा किरण सोडते, म्हणून यंत्रे अमेरिसियम शोधतात आणि त्यावरून प्लुटोनियमचा हिशेब करतात. सीमेचे खांब कुठे रोवायचे, हेसुद्धा अमेरिसियमवरून ठरले. अमेरिसियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. चार हजार वर्षांनी ते जवळपास संपलेले असेल, आणि प्लुटोनियम तेव्हाही दहात नऊ हिस्से शिल्लक असेल. ज्या खुणेवरून आज आपण त्याला ओळखतो, ती खूण आधी नाहीशी होणार आहे. तेव्हा जागा कुठे होती हे नकाशांवर, कागदांवर आणि माणसांच्या आठवणीवर राहील. अनांगूंच्या पाण्याच्या जागा, वाटा, कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, हे गाण्यांतून आणि कथांतून शेकडो पिढ्या टिकले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्या भागातली यापेक्षा जुनी आणि भरवशाची नोंद दुसरी कोणतीही नाही.

कागदांचे काय झाले? २०१८ च्या अखेरीस ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्यांच्या अणुशस्त्र कार्यक्रमाच्या अनेक फायली, या चाचण्यांशी संबंधित असलेल्यासुद्धा, लोकांच्या वाचनातून काढून घेण्यात आल्या. जमिनीची राखण करायची तर कुठे काय टाकले, काय उडवले, कुठला ट्रक कुठे धुतला, हे कळायला हवे. मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की मारालिंगाच्या मातीतले प्लुटोनियमचे बारीक कण अजूनही हळूहळू झिजत आहेत आणि त्यांतून प्लुटोनियम भोवतालच्या मातीत, पर्यायाने प्राण्यांत, जाऊ शकते. साठ वर्षांनी असे नवे कळते आहे, तिथे जुने कागद दडवून ठेवणे अक्षम्य आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे अजूनही कचरा टाकायची जागा म्हणून पाहिले जाते, हेही विसरू नये. कूबर पिडीच्या अनांगू ज्येष्ठ स्त्रियांनी, कुपा पिटी कुंगका चुटा या नावाने, १९९८ ते २००४ अशी सहा वर्षे लढून एक राष्ट्रीय अणुकचरा केंद्र परतवले. किंबा गावाजवळ ठरलेले दुसरे केंद्र तिथल्या बार्नगार्ला मूळनिवासींनी २०२३ मध्ये न्यायालयात रद्द करून घेतले. प्रत्येक वेळी हीच खात्री दिली गेली की सगळे सुरक्षित आहे. मारालिंगा जवळून पाहिलेल्यांनी ती मान्य केली नाही, यात नवल काय?

आता पैशांबद्दल, कारण शेवटी गोष्ट तिथे येते. २००९ च्या करारानुसार उरलेल्या दुषितपणाची जबाबदारी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारवर आहे, आणि किरणोत्सर्ग सुरक्षा संस्था वेळोवेळी तपासणी करते. हे ठीक आहे. पण रेंजरांची नोकरी काही वर्षांच्या अनुदानावर चालते. करार संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणे. २४ हजार वर्षांचे काम आणि तीन-पाच वर्षांचा पगार, हा हिशेब कुठेच जुळत नाही. ब्रिटनने १९६८ मध्ये एकदा आणि १९९३ मध्ये दुसऱ्यांदा हात झटकले. दोन कोटी पौंड त्यांनी दिले, पण एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी, आणि राखणीसाठी तर काहीच नाही.

माझ्या मते कायमचा निधी उभा राहिला पाहिजे, ज्याच्या व्याजावर ओक व्हॅलीच्या रेंजरांचे पगार, वाहने, धूळ आणि अमेरिसियम मोजायची उपकरणे, आणि ती चालवायचे प्रशिक्षण निघेल. त्यात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दोघांचाही वाटा असावा. निधीचे नियंत्रण मारालिंगा चारुचाकडे असावे. तपासणीचे आकडे दरवर्षी त्यांच्याच भाषेत, त्यांच्या सभेत मांडले जावेत, आणि निकष बदलायचा किंवा सीमेचे खांब हलवायचे झाल्यास शेवटचा शब्द त्यांचा असावा. ब्रिटनमध्ये काढून घेतलेल्या फायलींची प्रत पहिल्यांदा त्यांना मिळावी. ॲडलेडच्या दोन-तीन खासदारांना मी हे लिहून कळवले आहे. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांनी आपापल्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला तेच विचारावे: मारालिंगाच्या राखणीसाठी पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात किती रक्कम आहे, आणि त्याच्या पुढच्या वर्षी?

आपली,
एक वाचक, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ
ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया